दीड तासाचं कलांतर

उत्तर तीन मिलिमीटर यायला हवं होतं.
जुनेराचं आलं तीन मायक्रोमीटर
आणि तिनं त्याच्याखाली दोन रेघा मारल्या,
निर्धास्त.

"मोजून दाखव," म्हटलं, "ही घे पट्टी."
पट्टीकडे बघत राहिली.
मग पुटपुटली,
"मिलिमीटरचं मीटर करायचं राहिलं, मिस."

राहतंच ते.
संगमेश्वरला सहा वर्षं बारावीला शिकवलं मी,
फळ्यावर हात न थरथरता दोन एककेंद्री लाटा काढायची,
आणि इथे व्हिसावर लिहिलंय: पत्नी. काम करण्यास परवानगी नाही.
माझंही एकक बदलायचं राहून गेलंय कुठेतरी.
म्हणून ही शिकवणी नव्हे.
शेजारच्या मुलीला चहाबरोबर केलेली मदत.
महिन्याचे बारा रियाल खजुराच्या रिकाम्या डब्यातून येतात
आणि डबा परत जातो, थालीपीठ घालून.

सोहारच्या अलीकडे, फलज अल कबाइल.
खाली टायरचं दुकान, वर आम्ही.
खिडकीत दिवसभर एकच रंग, पिठासारखा.

"हे पट्टे खरंच असतात का?" तिनं विचारलं,
परीक्षेत न येणारा प्रश्न.

मग दोन ब्लेडं चिकटवली एकमेकांना,
कालच्या शवर्म्याच्या फॉइलवर एकदाच ओढली.
मांजराला खेळवायचा लेझर, पाचशे बैशांचा,
पुस्तकांच्या चळतीवर कलता ठेवला.
पडदे ओढले. एसी बंद,
कारण त्याच्या धडधडीनं टेबल हलत होतं.
तीन मीटरवर स्वयंपाकघर,
आणि फ्रिजच्या पांढऱ्या दारावर,
भेंडी आणायच्या चिठ्ठीशेजारी,
उजेड. अंधार. उजेड. अंधार. उजेड.

घामानं चष्मा घसरत होता तिचा.
मोजले: बोटभर अंतर, दोन सेंटिमीटर.
उलटं गणित केलं, या वेळी सगळं मीटरमध्ये,
फटींमधलं अंतर आलं शून्य पूर्णांक एक मिलिमीटर.
"म्हणजे ब्लेडची जाडी!"
ती ओरडली तेव्हा खालच्या दुकानात
कुणीतरी हवा भरायचं थांबलं.

मग तिसरं ब्लेड हळूच सरकवून
मी एक फट झाकली.
पट्टे गेले.
जिथे काळं होतं तिथेही लाल पसरलं.
"उजेड कमी केला," ती म्हणाली,
"मग अंधारात उजेड आला कुठून?"

मी तोंड उघडलं, पथांतर म्हणायला,
आणि क्षणभर काहीच म्हटलं नाही.
पॉटरूमच्या रात्रपाळीवर तिचे अब्बा,
दाभोळला अम्मी, आजीच्या मोडलेल्या खुब्याजवळ.
रोज दहाला फोन.
तिथे तेव्हा साडेअकरा,
मागे झोपलेलं घर, कुजबुज.

शेवटी पुस्तकातलीच अट वाचायला लावली तिला:
दोन उगमांमधलं कलांतर
कायम राहिलं पाहिजे.
"शून्य नको?"
"शून्य हवं असं कुठे लिहिलंय? कायम हवं."
तिनं बोटांवर काहीतरी मोजलं.
"आमचं दीड तास आहे," म्हणाली,
आणि वहीत टिपून ठेवलं नाही.

एसी लावला. तिसऱ्या मजल्यावर गार हवा यायला वेळ लागतो.
"आता हेच उपकरण पाण्यात बुडवलं तर?
तीन मिलिमीटरचे किती?"
पेन्सिल दातात. बाहेर
बंदराकडे जाणारे ट्रक, एकामागून एक,
त्यांचे दिवे पडद्याच्या फटीतून
छतावर सरकत, जात.

"सव्वादोन," ती म्हणाली.
एकक लिहायला पुन्हा विसरली होती.
मी तिच्याकडे बघितलं.
तिनं लिहिलं.